धुतलेलं इंजिन

मी बदलापूर गावातला, जुन्या गावातला. नाव दत्ता, पण दत्तामिस्त्री विचारलंत तरच कोण घर दाखवेल. शाळा सुटली तसा बापाने उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये एका सिंधी सेठच्या गॅरेजात नेऊन उभा केला, आमी सगळे त्याला साईं बोलायचो, तोंडाचा फाटका माणूस, पण हात काय होता, काय सांगू तुमाला.

त्याने मला पहिलं काय शिकवलं, तर ऑइल लीकेज. जुनी गाडी येते ती खालून सगळी काळी, तेलाने माखलेली, चेंबरवरून, म्हणजे खालच्या तेलाच्या टाकीवरून, थेंब गळतोय, मंग कच्चा मिस्त्री काय करतो, चेंबरचं पॅकिंग बदलतो नि हात पुसतो, आणि तेल येत असतं भलतीकडून, वरच्या कव्हरमधून नाय तर मागच्या सीलमधून. साईं बोलायचा, पहले धो, फिर चला, फिर देख. म्हणजे इंजिन डिझेलने साफ धुवायचं, गाडी आठ दिवस चालवायची, मंग परत आणायची, जिथे ओलं दिसेल तिथे रोग. धुतलं म्हणजे काम झालं नाय, धुतलं म्हणजे आता कुठे काम सुरू झालं. आख्खी जिंदगी मी हेच केलं, पुढे तिथेच स्वतःचं गॅरेज टाकलं, त्याच्यावर पोराला शिकवला, नितीनला.

नितीन हाताला काळं लावून घेणारा नाय. तो जुन्या गाड्या घेतो नि विकतो, शर्ट इन करून. एक दिवस गाडी घेऊन आला, बोलला पप्पा, जरा लीकेज बघा. मी बोललो सर्व्हिसचे कागद कुठायत, ऑइल कधी बदललं, बेल्ट कधी टाकला, काय तरी बिल असेल. बोलला पहिल्या मालकाने काय ठेवलंच नाय. मी बोललो मंग तर जास्तच सांभाळून. मला संशय मागच्या सीलचा होता, पण संशय म्हणजे संशय, म्हणून मी ती धुतली, चकाचक केली, बोललो आठ दिवसांनी आण, मंग सांगतो. हो बोलला.

आठ दिवस व्हायच्या आत रमेशचा फोन. दत्ता, तुझी गाडी बंद पडली रे. मी बोललो माझी कुठली गाडी.

रमेश आमच्याच आळीतला, एका बाकावर बसून शिकलो आमी. अंबरनाथला कंपनीत होता, आता रिटायर, वहिनीचे गुडघे गेलेत, रिक्षात चढता येत नाय, म्हणून जुनी गाडी शोधत होता. नितीनने त्याला तीच धुतलेली गाडी विकली. रमेशने सर्व्हिसचं विचारलं तर बोलला, काका, पप्पांच्या हातची गाडी आहे, बॉनेट उघडून बघा. बॉनेट उघडलं तर आत चमकतंय, मीच चमकवलेलं. आणि रमेशने मला एक शब्द विचारला नाय. का, तर बोलला, तुला विचारणं म्हणजे तुझ्या पोरावर संशय घेण्यासारखं, ते कसं दिसेल. अरे विचारायचं रे, एवढं कसलं भिडेला पडायचं.

मागचा सील गेला, तेल सगळं रस्त्यात. ऑइलचा लाल दिवा लागला होता, वहिनी बोलली पण थांबा म्हणून, तरी हा चालवत राहिला, दत्ताच्या हातची गाडी, काय होतंय तिला. इंजिन जाम झालं. भर उन्हात वहिनी सीटवर तशीच, तिला उतरता पण येईना.

नितीनला धरला, तर बोलला पप्पा, मी खोटं कुठे बोललो, तुमच्या हातची होतीच ना. कानाखाली काढणार होतो, पण सून समोर उभी, हात तसाच खाली आला. त्याचीच चीड आहे मला अजून.

रमेशला बोललो मी इंजिन खोलतो, मी उभं करून देतो. राहू दे बोलला, आणि गाडी अंबरनाथला दुसऱ्या मिस्त्रीकडे नेली. भांडला असता तर बरं वाटलं असतं मला. त्याच्या घरी गेलो तर वहिनी चहा देते, पण देताना माझ्याकडे बघत नाय.

नितीनचं बरं चाललंय. चालो, पोटचा आहे, शाप थोडाच देणार मी. मी पण जातो गॅरेजला. फक्त आता गाडी धुतली की मालकाला दहादा बजावतो, ही नुसती धुतलीय हो, तपासायची बाकी आहे. लोक हसतात, म्हातारा सटकला बोलतात.

तुमी लिहून घेताय ना, मंग एवढं नीट लिहा, रमेश वाचेल, न वाचेल. ती गाडी मी तपासली नव्हती. नुसती धुतली होती.