मोठ्या सिस्टरांसाठी आणलेलं पाकीट

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, म्हणजे आपले भूलतज्ज्ञ आणि कर्मचारी कल्याण निधीचे सर्वेसर्वा तेजीवाले डॉक्टर, व्यासपीठावरचे अधीक्षकसाहेब, आज निवृत्त होणाऱ्या सत्कारमूर्ती मोठ्या सिस्टर, आणि मागच्या रांगांत मोबाईलवर भाव बघत बसलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो,

मी या हाडांच्या दवाखान्यात प्लास्टर घालतो. भाषणाची सवय नाही. लोकांना "जरा धीर धरा" म्हणायची आहे. आज मात्र माझाच धीर सुटलाय.

मोठ्या सिस्टरांबद्दल काय सांगू? वॉर्डात त्यांची चप्पल वाजली की मोडलेल्या पायाचा माणूससुद्धा सावरून बसायचा. अधीक्षकसाहेब, हसू नका, तुम्हीही बसायचात.

आपल्याकडे निवृत्त होणाऱ्याला निधीतून भिंतीवरचं घड्याळ द्यायची पद्धत होती. बरी होती की! मग जगभरची सरकारं शस्त्रांवर पैसा ओतायला लागली आणि अध्यक्षांना साक्षात्कार झाला. "सगळा निधी संरक्षण कंपन्यांच्या शेअरमध्ये घाला, डोळे झाकून." आपण घातला. हात मीही वर केला होता, नाही कशाला म्हणू? शेअर चढले, हेही खरं. पण तेव्हापासून आपल्या चहाच्या खोलीचं काय होऊन बसलंय? कुठे क्षेपणास्त्र पडलं की एकमेकांना टाळ्या. कुठे वाटाघाटी सुरू झाल्या की सुतकी चेहरे. अहो, आपण दिवसभर मोडलेली हाडं जोडतो ना?

गेल्या महिन्यात युद्धविरामाची बातमी आली. सिस्टरांचा मुलगा मालवाहू जहाजावर आहे आणि ते जहाज युद्ध चाललंय तिथल्याच बंदरात अडकलंय, हे इथे कुणाला माहीत नाही? सिस्टर औषधांच्या कपाटापासून धावत आल्या, टीव्हीसमोरच्या रिकाम्या व्हीलचेअरवर बसल्या आणि ओक्साबोक्शी रडल्या. आनंदाने! बाकी सगळी खोली नुसती चुकचुकत होती. तेव्हा अध्यक्षांनी सगळ्यांना दिलासा दिला, "घाबरू नका रे, असले युद्धविराम टिकत नाहीत."

सिस्टरांनी पदराने डोळे पुसले आणि त्या वॉर्डात निघून गेल्या.

डॉक्टर, तुमचं खरं झालं. तो टिकला नाही. शेअर वर गेला. पोरगा अजून बंदरातच आहे.

आणि आज तुम्ही हे पाकीट माझ्या हातात दिलंत. घड्याळाऐवजी त्याच शेअरचे कागद. "म्हातारपणाची सोय होईल," म्हणालात. तुमचा हेतू वाईट नाही हो, तेच तर दुखणं आहे! मघाशी वॉर्डात मी सिस्टरांच्या कानावर घातलं. त्या चादरीची घडी घालत होत्या. म्हणाल्या, "घेते की. तुम्ही सगळ्यांनी प्रेमाने दिलंय. फक्त एक सांगा, उद्यापासून सकाळी बातम्या लावताना मी देवाकडे काय मागू?"

म्हणून हे पाकीट मी अध्यक्षांच्या पुढ्यात ठेवतो. सिस्टरांच्या प्रश्नाचं उत्तर त्यांना सुचलं, तर त्यांनी उठून आपल्या हाताने द्यावं.

ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात काही अधिक-उणं झालं असेल तर सिस्टर, तुम्ही माफ करा. बाकीच्यांनी नाही केलं तरी चालेल.