भानुआण्णांचा बॅरल

वत्सलावहिनी, आपल्या गॅरेज लाईनीतले सगळे मिस्त्री, आणि खालच्या वस्तीवरून आलेली मंडळी,

माईक नको मला. शोकसभेला आलेले तुम्ही सगळे समोरच बसलाय, असंच ऐकू जाईल. मी शैला. भानुआण्णांच्या गॅरेजसमोर माझं स्पेअर पार्टचं दुकान. इतकी वर्षं काउंटरवर बसलं की समोर आण्णा दिसायचे. आता बंद शटर दिसतं. काय बोलू?

आधी बोलले ते म्हणाले, आण्णा देवमाणूस होते. देवमाणूस कसले! लय संशयी माणूस होता. मीही तशीच. म्हणून तर आमचं जमलं.

वस्तीवरच्या लोकांसाठी सांगते. इंजिन खोललं की पार्ट सॉल्व्हंटमध्ये धुवावे लागतात. धुऊन धुऊन ते सॉल्व्हंट काळं पडतं, तळाला गाळ बसतो. ते विषच. पूर्वी आपली लाईन ते ओढ्यात ओतायची, ते मी कशाला सांगू? आण्णांनी ते बंद पाडलं. मागच्या शेडला फरशी घातली. प्रत्येकाचा एक बॅरल ठेवला, त्यावर लाल रंगानं ज्याचं त्याचं नाव घातलं. भरले की परवाना असलेली गाडी बोलवायची आणि सगळ्यांचं एकदम पाठवायचं. पण बॅरलमध्ये ओतायच्या आधी आण्णा हुंगायचे.

"ह्यात काय मिसळलंस रं? थिनर हाय ह्यात."

"न्हाई आण्णा, शपथ."

"शपथ नगं. झाकण काढ."

आठवतंय ना? हसताय. हसा, हसा.

मी एकदा म्हटलं, "आण्णा, आपल्याच माणसांवर एवढा संशय?" तर म्हणाले, "आक्का, वड्याचं पाणी खालच्या वस्तीची म्हसरं पित्यात. त्यास्नी वास कळतोय, पर सांगता येत न्हाई. मग आपुन हुंगाया नगं?"

असा माणूस. गिअरबॉक्स धुता धुता खाली बसला, तो उठलाच नाही.

त्या दिवशी मागच्या शेडला कुलूप मीच लावलं. सगळे बॅरल जागेवर होते. भरलेले. झाकणं घट्ट. किल्ली नेहमीसारखी चौकटीवर ठेवली आणि वहिनींकडे गेले. संध्याकाळी मातीला अख्खी लाईन बंद होती. मला वाटलं, आण्णांच्या मानासाठी बंद आहे.

काल पारूकाकी वस्तीवरून आल्या. त्या बघा, मागं बसल्यात. वहिनींच्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, "माती झाली त्या सांजंपास्नं म्हसरं वड्याला त्वांड लावंनात. वड्यात तुमच्या मालकाचा बॅरल पडलाय. आमाला शानपन शिकवत हुतं, आन् सोता हेच करत हुतं व्हय?"

पारूकाकी, तुमचं चुकलं नाही. बॅरलवर नाव आण्णांचंच आहे. मी जाऊन बघून आले. पण मला एक सांगा. आण्णांची चिता जळत होती, तेव्हा आण्णा ओढ्यावर बॅरल ओतत होते का?

मग मी शेडमध्ये गेले. शेड रिकामी. कुलूप शाबूत. किल्ली चौकटीवर. लाईनीबाहेरच्या माणसाला ती किल्ली कुठं असते ते कसं कळलं? आणि ओढ्यावर तवंग पार पुलापर्यंत. एका बॅरलचा एवढा तवंग?

बाकीचे बॅरल गेले कुठं? आज सकाळी मी लाईनीतून चालत आले. मुद्दाम, सावकाश. ज्याच्या त्याच्या दारात ज्याचा त्याचा बॅरल. रिकामा, धुऊन पुसून ठेवलेला. आता का माना खाली घालताय?

मला कळतंय, भीती वाटली असणार. माणूस काम करताना मेला, पोलीस येतील, पंचनामा होईल, बॅरलवर आपलं नाव आहे. स्मशानातच कुजबुज चालली होती, मी ऐकली. अरे, पण बॅरल शेडमध्ये होते तोवर भ्यायचं काही कारणच नव्हतं! सगळं रीतसर होतं. भ्यावं असं काम तुम्ही त्यानंतर केलंत.

मी कुणा एकाचं नाव घेत नाही. सगळ्यांवर संशय घेते. माझ्यावरही घ्या, किल्ली मीच ठेवली होती. पण एवढंच सांगा. आपापला बॅरल तुम्ही आठवणीनं परत आणलात. आण्णांचा आणायला कोण येणार होतं? आण्णा?

आणि त्यानंतर तुम्ही रक्षाविसर्जनाला आलात. राख पाण्यात सोडायची नाही, असं आण्णांनी कधीचं सांगून ठेवलेलं. म्हणून बांधावर आंब्याचं रोप लावून त्याच्या मुळाशी घातली. खड्डा तुम्हीच काढलात. डोळे तुम्हीच पुसलेत. त्या माणसाची मूठभर राख आपण पाण्यात जाऊ दिली नाही, आणि त्याचं नाव मात्र तोवर ओढ्यात पडलेलं होतं. मला रडू येत नाही आज. राग येतोय.

आता आपण दोन मिनिटं उभं राहू. त्यानंतर मी ओढ्यावर निघणार आहे. पारूकाकी, तुम्हीही चला. कुणी काय केलं ते तुम्हाला तिथंच, ज्याच्या त्याच्या तोंडून ऐकायला मिळू दे. बॅरल अर्धा गाळात रुतलाय, माझ्या एकटीनं हलायचा नाही. आण्णांना खांदा द्यायला झुंबड उडाली होती. ह्याला चौघं पुरेत.

कोण येतंय ते मी मागं वळून बघणार आहे.

उठा.