कुंडलिक भोगटे यास पाजलेल्या पाण्याबाबत

जबाब, दि. १७ फेब्रुवारी १९८८

श्रीमती मालन सहदेव परब, वय ४४ वर्षे, धंदा औषधाच्या कारखान्यात पॅकिंगचे काम, राहणार कदम चाळ, भटवाडी, घाटकोपर पश्चिम.

मी आज बोलावल्यावरून पोलीस ठाण्यात येऊन सांगते की, आमच्याच चाळीत राहणाऱ्या द्रौपदी कुंडलिक भोगटे हिने माझ्याविरुद्ध तक्रार दिली आहे. रविवारी पिक्चरच्या शूटिंगमध्ये मी तिच्या नवऱ्याला पाण्यातून काहीतरी पाजले आणि तेव्हापासून त्याने अन्न सोडले, अशी ती तक्रार आहे. ती मला वाचून दाखवली. पाणी मी पाजले हे खरे आहे. पाण्यात काय होते ते पुढे सांगते, पण आधीचे सांगितल्याशिवाय ते कळायचे नाही.

माझे पती सहदेव परब हे १९८६ च्या नोव्हेंबरात घाटकोपरला बँकेसमोर झालेल्या गोळीबारात मयत झाले. अतिरेक्यांनी बँकेची गाडी अडवली आणि दिसेल त्याच्यावर गोळ्या झाडल्या. पाच माणसे गेली. माझ्या पतींचा बँकेशी काही संबंध नव्हता. मिल गेल्यापासून ते एका गोदामावर वॉचमन होते आणि ड्युटी करून पाव घेऊन घरी येत होते. याबाबत माझा जबाब तेव्हा झालेला आहे, तो पुन्हा देत नाही.

तेव्हा कोणी विचारले नाही म्हणून एक गोष्ट लिहायची राहिली. मी धावत गेले तेव्हा पोलिसांनी रस्त्याला दोरी बांधली होती. गाडीत बॉम्ब असेल म्हणून कोणालाच सोडत नव्हते. त्यांचेही बरोबर होते. आमचे हे मला दोरीपासून दिसत होते. कुशीवर पडले होते आणि एक हात हलत होता. पानाच्या गादीवाला त्या वेळी गादीखाली लपला होता. तो नंतर घरी येऊन म्हणाला, "तुमच्या मिस्टरांनी दोनदा पाणी मागितलं." त्याने मला हे सांगायला नको होते. सांगितले.

दोरी सोडली तेव्हा ते गेलेले होते. इस्पितळातून बॉडी मिळाली ती तोंडावरून कापड गुंडाळून, शिवून. उघडू नका म्हणाले. आमच्यात जाणाऱ्याच्या तोंडात घरच्या माणसाने पाणी आणि तुळशीचे पान घालायचे असते. जिवंतपणी जमले नाही तर नेण्याआधी तरी घालतात. आमचे दोन्ही राहिले. दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना. मुलीचे लग्न करू, आईला बघू, सगळे बोलून झाले. गावाहून सासू आली होती, ती म्हणाली, "झिलाच्या तोंडात पाणी पडूक नाय, कावळो शिवतलो कसो?" शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून शिववला आणि आम्ही घरी आलो. सासूने त्यानंतर माझ्याशी बोलणे कमी केले. तिला मी दोष देत नाही.

गेल्या महिन्यात श्यामकांत नावाचे गृहस्थ माझ्याकडे आले. ते मुलुंडला राहतात आणि पिक्चरच्या डायरेक्टरचे असिस्टंट आहेत. तो गोळीबार आणि नंतर अतिरेक्यांना शोधून पकडले त्यावर हिंदी पिक्चर निघतोय, शूटिंग त्याच जागी करायचे आहे असे म्हणाले. बोलायला चांगले आहेत. पकडायच्या भागात पवईच्या तलावात होड्यांतून पाठलाग आहे असे त्यांनी सांगितले. मी म्हणाले, त्यांना तर कांजूरमार्गला खोलीत जेवताना धरलं. ते म्हणाले, "काकी, जेवताना धरलेलं बघायला तिकीट काढून कोण येणार?" ते मला पटले.

त्यांनी विचारले म्हणून माझे पती कसे पडले होते, अंगावर काय होते ते मी सांगितले. एकाच ताग्यातून दोन चेक्सचे शर्ट शिवले होते. एक इस्पितळात गेला. दुसरा मी त्यांना दिला. पिक्चरमध्ये बायको दोरी तोडून नवऱ्याजवळ जाते असे ते म्हणाले. मी म्हणाले, मला जाऊ दिलं नव्हतं. ते म्हणाले, "पिक्चरमध्ये जाऊ देतात, काकी."

माझ्या पतींचे काम कुंडलिक भोगटे यांना मिळाले. ते माझ्या पतींचे मिलमधले जोडीदार, अंगाने तसेच. "मेल्याचं काम आहे, डायलॉग नाही, नुसतं पडायचं, झकास," असे चाळीत सांगत फिरत होते. द्रौपदीला ते आवडले नव्हते. तिने मीठमिरच्या ओवाळून त्यांना पाठवले.

रविवारी सकाळी मी शूटिंगच्या जागी गेले. श्यामकांत यांनी बोलावले होते आणि सावलीत खुर्ची दिली होती. जाताना मी घरातून पाण्याचा गडू घेतला आणि कुंडीतल्या तुळशीचे पान तोडून त्यात टाकले. का, असे साहेबांनी विचारले. तेव्हा विचारले असते तर मला सांगता आले नसते. हात ते करत होते. पाण्यात पानाशिवाय दुसरे काही नव्हते.

कुंडलिकभावजी रस्त्यावर कुशीवर पडले होते. पुन्हा पुन्हा तेच चालले होते, काहीतरी चुकायचे की परत पहिल्यापासून. ऊन डोक्यावर आले तरी त्यांना उठू दिले नव्हते, कारण शर्टावरचा लाल रंग हलता कामा नये. पिक्चरमधली बायको छत्रीखाली बसली होती. मला मागून मान आणि शर्ट दिसत होता. मी बराच वेळ बघत राहिले. मग कोणीतरी ओरडले, सगळे गप्प झाले, आणि मी उठले. दोरीवर पोलिसाच्या कपड्यातला माणूस होता. त्याला वाटले असेल मी गर्दीतलीच, कामाला आणलेली. त्याने दोरी वर केली. मी वाकून गेले.

मी त्यांच्या उशाशी बसले, डोके मांडीवर घेतले आणि तोंडात पाणी घातले. पान आधी ओठावर राहिले, मग आत गेले. त्यांनी डोळे उघडले नाहीत, कॅमेरा चालू होता. पाणी गिळले, ते मला गळ्याला हात लावून कळले. मला बरे वाटले. सव्वा वर्षात पहिल्यांदा बरे वाटले, हेही लिहून घ्या.

डायरेक्टरसाहेब हिंदीत म्हणाले की फार छान झाले, हेच ठेवू. तोपर्यंत द्रौपदी गर्दीतून आली. कुंडलिकभावजींनी उठून बसून पान थुंकले, ते तिने पाहिले. ती म्हणाली, "मेल्याचा पाणी जित्याक घातलंस गो वैनी? माझो घोव जितो आसा." तिने गडू ओढून मला मारला. माझ्या भुवईवर दोन टाके आहेत. त्याबद्दल माझी तक्रार नाही. तिच्या जागी मी असते तर मीही मारले असते.

काल मंगळवारी मी त्यांच्या खोलीत गेले. कुंडलिकभावजी भिंतीकडे तोंड करून पडले होते. रविवारपासून त्यांनी घासभरही खाल्लेले नाही आणि पाण्याला तोंड लावलेले नाही. डॉक्टर येऊन गेले, विषबिष काही नाही, भीती घेतलीय म्हणाले. द्रौपदीने मला दारात अडवले नाही. ती चुलीपुढे बसली होती, समोर पेज तशीच गार झाली होती. भावजी म्हणाले, "वैनी, माका खरा सांग. तू घातलंस तां पाणी कोणाचा? माझा की सहदेवाचा?"

सहदेवचे म्हटले तर हा माणूस आपल्याला गेलेलाच धरणार आणि तसाच पडून राहणार. त्याचे म्हटले तर माझ्याकडचे पुन्हा काही उरत नाही. मी उठून घरी आले. रात्री झोप लागली नाही. सकाळी पोलिसांचे बोलावणे आले.

विचारल्यावरून सांगते की, द्रौपदीशी माझे भांडण नाही. तो भाग पिक्चरमध्ये ठेवायचा की काढायचा ते त्यांचे त्यांनी बघावे. मी तो पिक्चर बघणार नाही. द्रौपदी आता बाहेर बाकावर बसली आहे. तिला आत बोलवावे असे मी साहेबांना सांगितले. पुढचे तिच्यासमोर सांगते.

मी सांगते की, रविवारी कुंडलिक भोगटे उन्हात पडून तहानलेले होते म्हणून मी त्यांना पाणी पाजले. जिवंत माणसाला पाजतात तसे पाजले. ते पाणी त्यांचेच होते, त्यांनाच पोचले. त्यात दुसऱ्या कोणाचा वाटा नाही.

साहेब म्हणाले, "बाई, वर तुम्ही वेगळं सांगितलंत." मी सांगते की, वर आहे ते घडले ते आहे. हे आहे ते मी आता ठरवले ते आहे. दोन्ही लिहा, खाडाखोड करू नका. द्रौपदीने विचारले की असे कागदावर सांगितले तर चालते का. मी म्हणाले, पाणी घालणारी मी, कोणाच्या नावाने घातलं ते मीच सांगायचं. तू घरी जा आणि भावजींना पेज दे.

माझे पती सहदेव परब यांच्या तोंडात पाणी पडलेले नाही.

हा जबाब साहेबांनी मोठ्याने वाचला. मी ऐकला, द्रौपदी भोगटे हिनेही उभी राहून ऐकला. मी सांगितला तसाच लिहिला आहे, बरोबर आहे.

सही
मालन सहदेव परब