बोटांसाठी गिटार

आमच्या वेळी कॉलेजातली पोरं मुलींवर छाप पाडायला गिटार शिकायची. मी शिकलो तो डॉक्टरांनी घाबरवलं म्हणून. सत्त्याऐंशी साल असेल. सावद्याला आमच्या केळीच्या बागेत मी घड धरून उभा होतो आणि वडिलांचा, म्हणजे आबांचा, कोयता निसटून माझ्या डाव्या हातावर बसला. दोन बोटांच्या शिरा शिवाव्या लागल्या. डॉक्टर म्हणाले, "रोज वाकव, नाहीतर कायमची ताठ राहतील."

दुखायचं फार, म्हणून मी टाळायचो. शेवटी जळगावला पिंप्राळ्यात राहणाऱ्या माझ्या बहिणीने, अक्काने, शेजारच्या गिटारच्या क्लासला मला नेऊन बसवलं.

अपघातानंतर आबा माझ्या हाताकडे बघतच नसत. तीन महिन्यांनी ते अचानक क्लासच्या दारात उभे.

"शेती सोडून हे काबरं शिकून राहिला रे?"

"बोटांसाठी, आबा."

ते आत येऊन बसले. सर मला म्हणाले, "वाजव." करंगळीजवळचं बोट तार दाबेना. नुसती खरखर. पुन्हा दाबलं, पुन्हा खरखर. मला घाम फुटला. आबांची नजर फरशीवर. तिसऱ्यांदा दात-ओठ खाऊन दाबलं, आणि सूर स्वच्छ निघाला.

आबा उठले. माझा हात हातात घेऊन त्यांनी ती दोन्ही बोटं हळूच वाकवून पाहिली.

"दुखते का रे?"

"दुखतं."

"मंग अजून एकदा वाजव," ते म्हणाले, पण माझा हात काही सोडेनात.