हरण्याचा कासरा

गुहेतल्या पाण्यात डुबकी मारायचं शिकायला गेलो होतो, तिथली गंमत ऐका. पहिल्याच दिवशी सर म्हणाले, "सुरुवातीला लोक दोरीशिवायच आत जायचे. गाळ उसळला की वाट हरवायची, बाहेर येतच नसत. तेव्हापासून नियम झाला, बाहेरपर्यंत सलग दोरी."

म्या म्हटलं, "सर, हे मी आमच्या मुरुम गावातच शिकलोय."

"कुणाकडं?"

"हरण्याकडं."

"कुठले सर हे?"

"सर न्हाय, बैल हाय आमचा."

मग सांगावंच लागलं. आमच्या विहिरीत पाण्याखाली आडवं भुयार हाय. त्यात अडकलेला पाइप सोडवायला उतरलो. वर धरायला कुणी न्हाय, म्हणून कासऱ्याचं एक टोक माझ्या कमरेला अन् दुसरं हरण्याच्या गळ्यातल्या दाव्याला. पाइप हलवला, तसा गाळ उसळला, हातसुदिक दिसंना. दम संपत आला. तेवढ्यात कासरा ताणला अन् मी फरफटत भुयाराबाहेर! वर आईनं गोठ्यापाशी कडबा टाकला होता, हरण्या तिकडं निघाला होता.

पोळ्याला समदेच बैलाला पुरणपोळी चारतात. मी आधी हरण्याच्या पाया पडतो. आई हसती, "आरं, त्यो कडब्यासाठी चालला हुता, तुझ्यासाठी न्हाय."

म्हणतो, "व्हय आई, पण चालला तर!"