शेवंतीबायचा कंदील

कासवांचा विषय काढलात म्हणून सांगतो. काही वर्षांपूर्वी मी गोव्यात मोरजीला वनखात्याबरोबर स्वयंसेवक होतो. गावात कासवाची अंडी खात असत. समजावून आम्ही थकलो. शेवटी गार्ड नाईक देवळात उभे राहून म्हणाले, "कासव म्हणजे विष्णूचो अवतार. देवाची अंडी खातलात?"

लोकांना पटलं. किनाऱ्यालगत राहणारी शेवंतीबाय तर वाळूतल्या घरट्यावर रोज फूल ठेवू लागली. आम्ही खूश.

एका सकाळी गेलो, तर घरटं फुटून पिल्लं बाहेर पडलेली. पण वाळूवरच्या त्यांच्या रेघा समुद्राकडे गेल्याच नव्हत्या. सगळ्या वर, माडांकडे. तिथे माडाला कंदील टांगलेला, आणि खाली कावळ्यांनी टोचून टाकलेली पिल्लं.

नाईक ओरडले, "कंदील कोणी लायलो?"

"मीच लायलंय," शेवंतीबाय म्हणाली. "देवाक काळोखात कसो ठेवू?"

नाईकांचा आवाज खाली आला. "बाये, पिल्लां उजेड दिसता थंय चलतत. एरवी उजेड दर्याचो असता."

ती पिल्लांकडे बघत राहिली. "म्हणजे ती माझ्याकडे येय होती?"

नाईकांनी माडावरचा कंदील उतरवला.

परवा तिन्हीसांजेला तिच्या घरावरून गेलो. तुळशीपुढेसुद्धा काळोख होता.