वास्तू तथास्तु म्हणते तेव्हा

मंडळी, बसा, बसा. मागं उभे आहेत त्यांनीही बसून घ्या — आख्यान लांबणार नाही, पण पाय मात्र दुखतील!

आज तुम्हाला आधी एक प्रश्न विचारतो. संकटाचा विचार करणं म्हणजे संकटाला बोलावणं का? घरात कुणी म्हणालं, 'उद्या हे घर पडलं तर?' — की लगेच दुसरा म्हणतो, 'अभद्र बोलू नको! वास्तू तथास्तु म्हणते!' म्हणतो की नाही? तुम्हीही म्हणता. मीही म्हणतो! मग मला सांगा — देवावर भरवसा ठेवणाऱ्यानं वाईटाची तयारी करावी की नाही? तयारी केली, तर भरवसा कमी पडला असं होतं का?

ऐका तर मग.

शिरोंडी नावाचं तालुक्याचं गाव. तिथं एक धर्मादाय रक्तपेढी. तीन खोल्या, एक व्हरांडा, पुढं अंगण. तिथं नोंदी सांभाळायला एक बाई होत्या — इंदुमती खरमाटे. वय पन्नाशीपुढचं, आवाज बारीक, पण शब्द एकदम खणखणीत! सगळे त्यांना खरमाटेबाई म्हणत.

या बाई तरुणपणी नदीकाठच्या एका दवाखान्यात कामाला होत्या. एका वर्षी महापूर आला, दवाखान्यात छातीएवढं पाणी शिरलं. पाणी ओसरल्यावर बाई कपाटं उघडतात — तर काय? कागदांचा लगदा! पेशंटांच्या फायली, सगळ्याचा भिजलेल्या पोह्यांसारखा गोळा! आणि दारात एक बाप उभा. लेकरू खांद्यावर, तापानं फणफणलेलं. म्हणतो, 'ताई, याला कुठलं औषध सोसत नाही ते तुमच्या कागदावर लिहिलं होतं बघा. मला वाचता येत नाही. बघून सांगता का?'

काय सांगणार? ते लेकरू वाचलं, देवाची कृपा! पण तीन दिवस डॉक्टर अंदाजानं चालले. आणि ते तीन दिवस बाईंच्या पोटात अन्न गेलं नाही. त्यांनी मनाशी धरलं — माझ्या हातातल्या नोंदीपायी कुणाला अंदाजानं चालावं लागू नये. बस. त्यांचं व्रत म्हणा, वेड म्हणा!

पुढं रक्तपेढीत कॉम्प्युटर आले. एक सर्व्हर बसवला. आता सर्व्हर म्हणजे काय, विचाराल — अहो, सगळ्या कॉम्प्युटरांची आई! पोरं बाहेर टेबलावर बसतात, आई आत कोंदट खोलीत राबते, आणि ती आजारी पडली की पोरांना काही सुचत नाही. (बायकांनो, हसू नका, तुमचंच वर्णन आहे!)

ती आई सांभाळायला इंजिनिअर होता समीर मुजावर. हुशार, गोड बोलणारा माणूस. आठेक महिन्यांनी बाई एक दिवस त्याला म्हणाल्या,

"समीर, ही मशीन जळाली तर?"

"जळत नाही हो बाई. आणि रोज बॅकअप होतो."

बॅकअप म्हणजे नोंदींची दुसरी प्रत. एक इथं, एक पन्नास किलोमीटरवरच्या दुसऱ्या रक्तपेढीत. रोज संध्याकाळी आपोआप जायची, आणि स्क्रीनवर हिरवी टिकमार्क यायची. बाई म्हणाल्या,

"प्रत जाते, ते कळलं. परत येते का?"

समीर डोकं खाजवायला लागला! कारण कुणी आणूनच पाहिली नव्हती!

मंडळी, इथं थांबा जरा. आपण कपाटात बॅटरी ठेवतो. ठेवतो ना? शेवटची पेटवून कधी पाहिली? ... बघा, सगळे खाली बघायला लागले!

बाईंनी नेम घातला. महिन्याचा पहिला मंगळवार. अकराच्या ठोक्याला सर्व्हर बंद! 'आज मशीन मेली असं समजा. चालवून दाखवा.' समोरच्या हायस्कूलच्या कॉम्प्युटर लॅबची एक किल्ली हेडमास्तरांकडून मागून घेतली — वेळ पडली तर तिथं बसायचं. कागदावर रक्तदात्यांच्या याद्या छापून काढल्या, त्या रस्त्यापलीकडच्या औषधाच्या दुकानात ठेवल्या. कोण कुणाला फोन करणार, ते लिहून भिंतीवर लावलं.

आणि पहिल्याच मंगळवारी समीरनं प्रत परत आणायला घेतली, तर — रिकामी! फोल्डरांची नावं होती, आत काही नाही! आठ महिने हिरवी टिकमार्क येत होती, आणि आठ महिने रिकामा डबा गावाला जात होता!

समीर घामाघूम. "बाई, माझी चूक. मी टिकमार्क बघत होतो, डबा उघडून बघितलाच नाही."

बाई काय म्हणाल्या? रागावल्या? नाही! म्हणाल्या, "आज सापडली ती चूक आपली मैत्रीण. त्या दिवशी सापडली असती, तर वैरीण. लाग कामाला."

दुसऱ्या एका मंगळवारी समीर चुलतबहिणीच्या लग्नाला गेलेला. इकडं लक्षात आलं, पासवर्ड त्याच्या एकट्याच्या डोक्यात! फोन लावला. तिकडं बँड वाजतोय.

"समीर, पासवर्ड काय?"

"काय? पापड?"

"पापड नव्हे! पास-वर्ड!"

"पापड आलेत बाई, आज जेवण सुरू व्हायचंय अजून!"

हसा, हसा! पण त्या दिवसापासून पासवर्ड लिहून बंद पाकिटात, दोन वेगवेगळ्या माणसांकडं. आपल्याकडं एकट्या माणसाच्या डोक्यात किती गोष्टी असतात! तो माणूस नसला, म्हणजे?

आता या रक्तपेढीचे अध्यक्ष बापूसाहेब जगदाळे. सज्जन माणूस, हात सढळ, देवाधर्माचा. पण त्यांना हा मंगळवार आवडेना. एकदा अंगणात सगळ्यांसमोर म्हणाले,

"बाई, दर महिन्याला तुम्ही 'मशीन जळाली, मशीन मेली' म्हणता. चांगल्या वास्तूत असं बोलू नये. वास्तू तथास्तु म्हणते!"

बाई नुसत्या हसल्या. पण मंगळवार सोडला नाही.

असे चौदा मंगळवार गेले. पहिली भरलेली प्रत परत आणायला सहा तास लागले होते, ते दोनवर आले. आधी काय आणायचं, तेही ठरलं — आधी रक्तदात्यांची यादी, मग पिशव्यांची नोंद, आणि रजेचे अर्ज सगळ्यात शेवटी! (याला कर्मचाऱ्यांनी हरकत घेतली होती म्हणे!)

आणि मग तो शुक्रवार आला. मे महिना. सकाळचे पावणेअकरा. सर्व्हरच्या खोलीतल्या एसीत ठिणगी पडली, वायर पेटली, आणि बघता बघता दाराखालून काळा धूर!

"आग! आग!"

बाई खुर्चीतून उठल्या आणि मोठ्यांदा काय ओरडल्या माहीत आहे? 'वाचवा' नाही! ओरडल्या —

"आज मंगळवार!"

शुक्रवारी! पण रक्तपेढीतल्या एकालाही अर्थ विचारावा लागला नाही. एकानं मेन स्विच पाडला. दुसऱ्यानं आग विझवायचं नळकांडं घेतलं. रक्ताचे फ्रिज पलीकडच्या खोलीत, त्यांची जनरेटरची लाइन वेगळी, ती सुरू झाली. अंगणात माणसं मोजली — अकराच्या अकरा! वीस मिनिटांत आग विझली. पण सर्व्हर? वितळून मेणासारखा झालेला.

बापूसाहेब धावत आले. अंगणात उभे, डोळ्यांत पाणी — धुराचं की मनाचं, देव जाणे. म्हणाले, "बाई, वास्तू तथास्तु म्हणाली हो!"

बाईंच्या तोंडाला काजळी लागलेली. त्या शांतपणे म्हणाल्या,

"म्हणाली, बापूसाहेब. पण मी दर मंगळवारी दोन वाक्यं बोलत होते. 'मशीन जळेल' हे एक, आणि 'तरी काम चालेल' हे दुसरं. तुम्ही पहिलंच ऐकलंत. वास्तूनं दोन्ही ऐकली असतील."

अहाहा! मंडळी, दोन्ही ऐकली असतील!

पण बोलणं सोपं. परीक्षा तर आत्ता सुरू होणार होती. तेवढ्यात फोन वाजला. गावातल्याच इस्पितळातून डॉक्टरीण बोलत होती. नंदा कोळेकर नावाची बाळंतीण. मुलगी झाली, पण आईचा रक्तस्राव थांबेना. ऑपरेशन करून थांबवला, पण अंगात रक्त उरलेलं नाही. आणि गट कुठला? बॉम्बे गट! नावात मुंबई, पण मिळायला काशीइतका लांब! हजारो माणसांत एखाद्याचा. दुसरं कुठलंही रक्त त्या बाईला चालत नाही.

"एक पिशवी तातडीनं, दुसरी संध्याकाळच्या आत," डॉक्टरीण म्हणाली. "मिळेल ना?"

फ्रिजमध्ये त्या गटाची पिशवी नव्हती. या गटाची माणसंच हाक मारून बोलवावी लागतात. आणि माणसांची नावं सर्व्हरमध्ये. सर्व्हरचा झालेला कोळसा!

बाई म्हणाल्या, "मिळेल."

औषधाच्या दुकानातून छापील यादी आली. त्या गटाची चार नावं. एकानं महिन्यापूर्वीच रक्त दिलेलं. एक परदेशात गेलेला. एकाचा नंबर लागेना. चौथा प्रल्हाद वाघमोडे, तीस किलोमीटरवर एसटी डेपोत मेकॅनिक. फोन उचलला, ऐकलं, म्हणाला, "हात धुतो आणि निघतो." झालं, एक पिशवी!

दुसरी? तेव्हा तपासणी करणारी ताई एकदम म्हणाली, "अहो, आठ दिवसांपूर्वी एक बाई आली होती बघा! शेजारणीच्या ऑपरेशनला रक्त द्यायला. तिचा हाच गट निघाला. मीच म्हटलं तिला, 'तुमचं रक्त दुर्मीळ, आज देऊ नका, हाक मारू तेव्हा या.'"

"नाव काय तिचं?"

"नाव... हिरवं लुगडं होतं. कपाळावर गोंदण होतं. हसरी होती..."

"नाव?"

सगळ्यांना चेहरा आठवतोय, नाव एकालाही आठवेना! आणि छापील यादी पंधरा दिवसांपूर्वीची, त्यात ती नाही. तिचं नाव एकाच ठिकाणी — पन्नास किलोमीटरवरच्या प्रतीत!

समीर आधीच हायस्कूलच्या लॅबमध्ये पोचला होता. किल्लीनं दार उघडलं, पासवर्ड घातला, जुन्या कॉम्प्युटरवर प्रत उतरायला लागली. दहा टक्के... बारा टक्के... मंडळी, ती पट्टी इतकी हळू सरकते की माणूस आपोआप नामस्मरणाला लागतो! मध्येच इंटरनेट गेलं. त्यानं स्वतःचा फोन जोडला. कुठलं बटण दाबायचं ते बोटांना पाठ होतं. चौदा मंगळवारांचे हात ते!

बापूसाहेब शेजारी बाकावर बसले होते. त्यांनी हळूच विचारलं, "समीर, या वेळी डबा भरलेला असेल ना रे?"

"गेल्या मंगळवारी उघडून बघितलाय, बापूसाहेब."

दुपारचे बारा वाजून अठ्ठेचाळीस मिनिटं झाली, आणि यादी उघडली. गट टाकला. पाच नावं आली! पाचवं — पारूबाई लोखंडे, शाळेतला पोषण आहार शिजवणारी, गाव आठ किलोमीटरवर.

बाईंनी फोन लावला. पलीकडून आवाज आला, "अगं बया! तुम्ही हाक मारणार म्हणाला होता, पण इतक्या लवकर माराल असं वाटलं नव्हतं! आले, आले. भाकरी तव्यावर आहे, तेवढी उतरते."

दुपारी अडीच वाजता प्रल्हादचं रक्त तपासून नंदाला लागलं. साडेपाचला पारूबाईचं. सहा वाजता नंदानं डोळे उघडून पहिला प्रश्न विचारला, "पोरगी रडली का?" डॉक्टरीण म्हणाली, "सकाळपासून रडतेय, आता तूच गप्प कर!"

आणि बापूसाहेब? पुढच्या पहिल्या मंगळवारी साडेदहालाच हजर! म्हणाले, "बाई, आज मी आजारी पडतो. सह्या, किल्ल्या, निर्णय — माझ्याशिवाय चालवून दाखवा." आणि दोन तास अंगणात चिंचेखाली गुपचूप बसले. अध्यक्षाला गुपचूप बसवणं — हा सगळ्यात अवघड सराव झाला म्हणतात!

तर मंडळी, भरवसा कुणाचा मोठा? हात जोडून नुसतं 'काही होणार नाही' म्हणणाऱ्याचा? की 'झालं तरी आपण उभे राहू' म्हणून कंबर बांधणाऱ्याचा? या वाटेवर मला दोन ओळी सुचल्या, गोड मानून घ्या —

दिवा लाविला देव्हारी, वात दुसरी ठेवा करी ।
वारा येणार, येऊ द्या, उजेड राहो आपुल्या घरी ॥

आता तुमच्याकडं वळतो. तुम्ही म्हणाल, महाराज, आमच्याकडं कुठं सर्व्हर आहे? अहो, खिशात आहे! त्या फोनमध्ये लेकीचा नंबर, डॉक्टरचा नंबर, सासऱ्यांच्या औषधाची चिठ्ठी. तो विहिरीत पडला तर? किती नंबर पाठ आहेत? माझा फोन गेल्या वर्षी हरवला, तेव्हा मला माझ्या बायकोचा नंबर सांगता आला नाही. कीर्तन दोन तास पाठ, नंबर पाठ नाही! म्हणून आज घरी गेलात की एक वही काढा. पाच नंबर लिहा, घरातल्या सगळ्यांचे रक्तगट लिहा. आणि ती वही कुठं ठेवली, ते घरातल्या दोघांना सांगा.

आणि उद्यावर कशाला? आत्ताच एक सराव करू! अहो माईकवाले, बंद करा माईक. हो, हो, खरंच बंद करा!

...

येतंय ऐकू? मागं नाही येत? मग पुढं सरका! असे. अजून. जवळ बसा एकमेकांच्या. आजी, त्या बाळाला घ्या मांडीवर, जागा होईल. मृदंगवाले, आता तुमच्यावर. टाळकरी, दणक्यात येऊ द्या. माईक गेला, कीर्तन गेलं का? आवाज तुमचा आहे, माझा एकट्याचा थोडाच आहे! कोपऱ्यातल्या माणसापर्यंत पोचला पाहिजे — म्हणा माझ्याबरोबर, विठ्ठल! विठ्ठल! विठ्ठल!